हशरची कढई

सप्टेंबर लागला की आमच्या कोशतूत गावात कापसावर पानं गाळायचं औषध मारतात. आठवडाभर त्याचा वास सगळ्याला असतो, दुधाला, नानला, अंथरुणाला. पाहुणे नाक दाबतात. आम्हाला मात्र तो वास आला की बरं वाटायचं, कारण त्याचा अर्थ वेचणी जवळ आली. त्या वर्षापासून मला तो सहन होत नाही.

एर्गाश ट्रॅक्टर चालवायचा. त्याचं नि माझं घर एकाच भिंतीला लागून. त्याची बायको कुम्री आणि मी अकरा वर्षं वेचणीला शेजारी शेजारी, ती डाव्या ओळीला, मी उजव्या. माझी बोटं चपळ, तिची जीभ. तिला मुलगी एकच, ओयदिन, नववीत शिकणारी.

फवारणीच्या यंत्राला ट्रॅक्टरपासून एक लोखंडी दांडा जातो, गरगर फिरतो. त्यावर झाकण असतं. आमच्या यंत्राचं झाकण मार्चमध्येच फुटलं होतं. एर्गाशनं सोबितला तीनदा सांगितलं. सोबित म्हणजे ज्या कंपनीकडं ही कापसाची शेतं आहेत तिचा आमच्या भागातला साहेब, पण मुलगा आमच्याच गावचा, होशीमबाबांचा धाकटा. त्याला नाकातून शेंबूड गळताना सगळ्यांनी पाहिलेलं.

"सोबित, झाकणाचं काय झालं रे?"

"येतंय दादा. शहरातून मागवलंय."

"चालत निघालंय का ते?" एर्गाश विचारायचा, आणि सोबितसुद्धा हसायचा.

झाकण आलंच नाही. फवारणीच्या एका दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला आम्ही बायका शेजारच्या वावरात पहिल्या वेचणीला वाकलो होतो. ओरडा ऐकू आला नाही, कारण एर्गाश ओरडलाच नाही. ट्रॅक्टरचा आवाज मात्र बदलला, दम लागल्यासारखा. मी मान वर केली. पाटावर पाणी सोडणारा तुर्दाली हातातलं फावडं टाकून पळत होता. त्यानंच चावी फिरवली. दांड्याला एर्गाशची बाही पीळ घालून बसली होती आणि बाहीच्या आत हात होता.

कुम्री कशी पोचली ते मला माहीत नाही. ती वेड्यासारखं रडली नाही, काही नाही. कमरेची झोळी सोडून तिनं नवऱ्याच्या हाताला गुंडाळली आणि गाठ दातानं ओढली. झोळीत सकाळचा वेचलेला कापूस होता, तो तसाच आत राहिला.

तालुक्याच्या दवाखान्यात कोपराखालून हात काढावा लागला. बारा दिवसांनी तो घरी आला. मी शोर्वा, मटणाचा रस्सा, घेऊन गेले तर अंगणात द्राक्षांच्या मांडवाखाली बसला होता, तोंड पिवळं पडलेलं.

"सनोबर वहिनी, सोबितला सांगा," तो म्हणाला, "झाकण आता नको. बाहीच अर्धी शिवून घेतो."

मी हसले, आणि मग घरी जाऊन नळाखाली तोंड धरून रडले.

जखम भरेना. टाके सुकायचे आणि पुन्हा आतून ओलं व्हायचं. डॉक्टर म्हणाले, ताश्कंदला न्या, इथं होणार नाही. कामावर इजा झाली असेल तर कंपनीनं न्यायचं असतं, तसा कायदा आहे. फक्त कंपनीचा एक कागद लागतो. हा माणूस आमचा कामगार, आमच्या कामावर जखमी झाला, एवढंच त्यात लिहायचं. खाली सही आणि शिक्का.

कुम्री कार्यालयात गेली. मी सोबत होते. सोबितनं उठून खुर्ची दिली, चहा मागवला. चहा आला, आम्ही प्यायलो. मग तो म्हणाला, "ताई, अडचण अशी आहे, एर्गाशदादाचा करार ऑगस्टअखेर संपला."

"मग तो सप्टेंबरात ट्रॅक्टरवर काय करत होता?"

"ते मी काय सांगू?"

"तूच सकाळी चावी दिलीस ना त्याच्या हातात!"

सोबित खिडकीबाहेर बघत राहिला. "वर विचारतो," म्हणाला. खरं म्हणजे करार कुणाचाच उरला नव्हता. दरवर्षी उन्हाळ्यात नवे कागद यायचे. त्या वर्षी 'आधी काम उरकू, कागद मागून करू' असं त्यानंच सगळ्यांना सांगितलं होतं. आणि आम्हीही काही बोललो नाही, कारण आपला सोबितच सांगतोय.

आमची संघटना होती. वसंतात हुर्रियत आपानं काढली तेव्हा आम्ही तिला चिक्कार हसलो होतो. सदतीस बायका, नऊ पुरुष. आपा साठीची, दोन सोन्याचे दात, आवाज पाटाच्या या टोकावरून त्या टोकाला जाणारा. जुन्या सामुदायिक शेतीच्या काळात ती टोळीप्रमुख होती आणि अजून आम्हाला तसंच वागवायची. संघटनेचा शिक्का तिनं शहरातून करवून आणला होता. तो रुमालात बांधून झग्याच्या खिशात ठेवायची आणि झोपतानाही काढायची नाही, असं तिची सून सांगायची.

सोबितनं 'वर विचारतो' म्हणून दोन आठवडे काढले. मग आपानं सगळ्यांना बांधावरच्या तुतीखाली बोलावलं.

"कागद होईपर्यंत झोळी बांधायची नाही," ती म्हणाली. "एकीनंही नाही. आजारी माणसासारखं घरी पडून राहायचं नाही, इथं बांधावर येऊन बसायचं. त्यांच्या डोळ्यांसमोर."

"आणि काढून टाकलं तर?" कुणीतरी विचारलं.

"कागदावर आपण कामावरच नाही म्हणतात ना? मग काढतील कशावरून?"

सगळ्या हसल्या. कुम्री मात्र खाली बघत होती. तिनं हे कुणाकडं मागितलं नव्हतं.

चार दिवस आम्ही बसलो. आयुष्यात पहिल्यांदा ऑक्टोबरात माझी बोटं फुटली नाहीत. कापसाचं बोंड वाळलं की त्याचे काटे सुईसारखे होतात, नखाच्या कडेनं शिरतात, दरवर्षी या महिन्यात मला कणीक मळता येत नाही. त्या चार दिवसांत मी दोनदा नान भाजली. बायका विणकाम घेऊन यायच्या, खरबुजं कापायच्या, सासवांच्या नकला करायच्या. कंपनीच्या पहारेकऱ्यानं दुसऱ्या दिवशी नळाला कुलूप घातलं. मग तुर्दाली पाटाचं पाणी गाळून आणून द्यायला लागला. सोबित दिवसातून दोनदा गाडी घेऊन बांधावरून जायचा. जाताना मुद्दाम हळू, म्हणजे धूळ नीट आमच्या अंगावर बसावी. एकदा मी ओरडले, "सोबित, तुझ्या आईला सांगते हं!" तर त्याचे कान लाल झालेले काचेतून दिसले.

तिसऱ्या दिवशी एर्गाश आला. अर्धी बाही टाचणीनं वर लावलेली. बायकांपासून लांब, पाटाच्या काठावर बसला.

"माझ्यापायी तुमची रोजी बुडतेय आपा."

"तुझ्यापायी कोण बसलंय?" आपा म्हणाली. "उद्या इथं हिचा हात असेल. परवा तिचा. तू आपला द्राक्षं खा गप."

त्यानं डाव्या हातानं द्राक्षाचा घड धरला आणि तोंडानं एकेक तोडून खाल्ली. त्याला अजून सवय झाली नव्हती. रस हनुवटीवर आला तसं कुम्रीनं उठून पुसला, सगळ्यांच्या देखत, आणि कुणी चेष्टा केली नाही.

चौथ्या दिवशी संध्याकाळी सोबितनं निरोप धाडला की वरून माणूस येतोय, बोलणी करू. आपा म्हणाली, आता वाकले. त्या संध्याकाळी आम्ही सगळ्या खरंच हवेत होतो. घरी जाताना आम्ही लग्नातली गाणी म्हटली.

पाचव्या दिवशी उजाडताना डोंगराकडं ढग आले होते. काळे, खाली उतरलेले. वावर पांढरंशुभ्र फुटलेलं, एकसारखं. पाऊस आला की तो कापूस काळा पडणार, चिखलात लोळणार, कुणाच्याच कामाचा राहणार नाही. आम्ही बांधावर बसलो होतो पण सगळ्यांच्या नजरा वावरात. कापूस आमचा नव्हता. पण एप्रिलपासून त्याची निंदणी, खुडणी, पाणी सगळं आमच्याच हातचं. तो भिजताना बघणं सोपं नाही, हे कुणीतरी आपाला सांगायला हवं होतं. मी नाही सांगितलं.

तेवढ्यात होशीमबाबा आले. चालत, काठी टेकत, डोक्यावर नवी टोपी. वय अठ्ठ्याहत्तर. गावचे अक्सकाल, म्हणजे पांढऱ्या दाढीचे, ज्यांचा शब्द खाली पडत नाही असे. आम्ही सगळ्या उभ्या राहिलो, छातीवर हात ठेवला.

"बसा लेकींनो," ते म्हणाले. पण स्वतः बसले नाहीत. "मी कंपनीकडून आलेलो नाही. कंपनी काय असते मला कळतही नाही. मी तुमच्याकडं हशर मागायला आलोय."

एकीनं हातातलं विणकाम खाली ठेवलं.

हशर म्हणजे गावानं मिळून हात लावायचा. कुणाचं घर बांधायचं असो, पाट उपसायचा असो, लग्नाचा मांडव असो. मजुरी नसते. ज्याचं काम त्यानं कढईभर पुलाव घालायचा, तो खायचा, दुवा करायची, घरी जायचं. आणि कुणी हशर मागितला की नाही म्हणायचं नसतं. म्हणता येत नाही असं नाही. पण म्हणणारा मग गावात असून नसल्यासारखा.

"बाबा, हे कुणाचं घर आहे का?" आपा पुढं झाली. "हा कंपनीचा कापूस आहे!"

"माझ्या मुलाची नोकरी आहे ती. पाऊस पडला तर उद्या त्याला काढतील."

"आणि एर्गाशचा हात?"

"तो कागद सोबित करून देईल. मी शब्द देतो." बाबांनी दाढीवरून हात फिरवला. मग ते कुम्रीकडं वळले. आवाज बारीक झाला. "लेकी, तुझी भिंत पडली होती तेव्हा मी चिखल तुडवला होता. आठवतं?"

आठवत होतं. सगळ्यांनाच आठवत होतं. तीन वर्षांपूर्वी वसंतात डोंगरावरून लोंढा आला आणि एर्गाशचं अर्धं घर घेऊन गेला. सबंध गावानं हशर करून पाच दिवसांत ते पुन्हा उभं केलं. पंचाहत्तरीचे होशीमबाबा गुडघ्यापर्यंत चिखलात उभे राहून भुसा कालवत होते. घराची भिंत आणि रस्त्याकडची कुंपणाची भिंत, दोन्हींत त्यांचे पाय होते.

सगळ्या कुम्रीकडं बघत होत्या. ती नाही म्हणाली असती तर आम्ही सगळ्या बसून राहिलो असतो, हे मला आजही पक्कं ठाऊक आहे. तिनं माझ्याकडं पाहिलं. तिला माझ्याकडून काय हवं होतं ते मला तेव्हाही कळलं होतं. कुणीतरी तिच्या वतीनं नाही म्हणायला हवं होतं. ज्याच्या भिंतीत बाबांचे पाय नव्हते अशा कुणीतरी.

मी म्हणाले, "बाबांनी शब्द दिलाय ना गं. चल, दिवसभराचंच काम आहे."

कुम्रीनं झोळी बांधली. मग मी. मग सगळ्यांनी.

हुर्रियत आपा एकटी बांधावर बसून राहिली. "अगं हा हशर नाही!" ती ओरडत होती. "हशर माणसाला करतात! कुम्री! अगं पोरींनो!" तिचा आवाज वावराच्या पार त्या टोकाला पोचत होता. आम्ही वाकलेल्या होतो आणि वर बघत नव्हतो.

असं आम्ही कधी वेचलं नव्हतं. पुरुषही आले, शाळेतली मुलं आली, तुर्दालीनं फावडं ठेवून झोळी बांधली. एर्गाशसुद्धा आला. डाव्या हातानं वेचायचा आणि उजव्या थोटक्यानं झोळीचं तोंड दाबून धरायचा. दुपारी होशीमबाबांच्या घरून कढई आली. कंपनीच्या नव्हे, त्यांच्याच घरच्या तांदळाचा पुलाव, त्यांच्याच बकऱ्याचं मटण, म्हातारीनं स्वतः केलेलं. गाजरं अगदी नीट कापलेली. सोबित पहिल्यांदाच गाडीतून उतरून आमच्यात बसला. त्यानं एर्गाशच्या पुढ्यात मटणाचा चांगला तुकडा सरकवला. कुणाच्या तरी फोनवर त्यानं फोटो काढवून घेतले, सगळे हसताहेत, मध्ये कढई, मागं कापसाचे ढीग.

मीही त्या फोटोत आहे. तोंड भरलेलं.

शेवटची गाडी ताडपत्रीखाली गेली आणि पाऊस सुरू झाला. आम्ही भिजत घरी आलो. कुम्री म्हणाली, "उद्या सकाळी जाऊ कागदाला." तिला हसू येत होतं.

सकाळी सोबित भेटला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी कार्यालयाच्या पायरीवर गाठला.

"वर पाठवलंय ताई. येईल."

"बाबांनी शब्द दिलाय सोबित."

"बाबांचा शब्द कंपनीत चालतो का?" तो म्हणाला. मग लगेच, "तसं नाही म्हणायचं मला. थोडं थांबा."

वरून जो माणूस यायचा होता तो आलाच नाही. बोलणी कशाची करायची? काम तर झालं होतं. आम्ही पुन्हा बसलो असतो, पण शेतात उरलं होतं काय? काड्या.

आपानं आमच्याशी अबोला धरला नाही. धरला असता तर बरं झालं असतं. तिनं अर्ज लिहिला, शिक्का मारला आणि स्वतः बस बदलत प्रांताच्या कामगार कचेरीत देऊन आली. नोव्हेंबरच्या शेवटी तिथून एक निरीक्षक आला. तरुण, चष्म्याचा, बुटांना चिखल लागू नये म्हणून विटांवरून चालणारा. वाईट माणूस नव्हता. कुम्रीच्या घरी बसून त्यानं सगळं ऐकलं, एर्गाशचा हात पाहिला, तोंड कसंनुसं केलं. मग पिशवीतून कंपनीचं उत्तर काढलं आणि म्हणाला, "हे वाचून बघा."

ओयदिननं वाचलं. तिचं वाचन चांगलं, शाळेत बक्षीस मिळालेलं. बापाच्या उशाशी बसून ती मोठ्यानं वाचायला लागली. कंपनीचं म्हणणं असं होतं की कोशतूतच्या त्या शेतांवर हंगामात कायम कामगार नसतात. गावकरी जुन्या रीतीप्रमाणे हौसेनं हशरला येतात. मजुरी घेत नाहीत. सोबत फोटो जोडले आहेत. आणि सदर एर्गाश हासुद्धा...

ओयदिन थांबली.

"वाच," एर्गाश म्हणाला.

"हासुद्धा त्या दिवशी हशरलाच आला होता."

एर्गाशनं डोळे मिटून घेतले. चुलीवरचं पाणी उकळून बाहेर सांडायला लागलं तरी कुणी उठलं नाही.

निरीक्षकानं कुम्रीला विचारलं, "या फोटोत तुम्ही आहात?"

"आहे."

"त्या दिवशी कंपनीच्या शेतात वेचलंत?"

"वेचलं."

"मजुरी?"

"हशरला कसली मजुरी?"

"कुणी जबरदस्ती केली होती?"

कुम्रीनं माझ्याकडं पाहिलं. दुसऱ्यांदा. "नाही," ती म्हणाली.

निरीक्षकानं लिहून घेतलं. मी सांगायला लागले की साहेब, तो दिवस वेगळा, हाताचा दिवस वेगळा, आम्ही अकरा वर्षं तिथं काम करतो. तो म्हणाला, "कागद आहे का?" नव्हता. "पाचपन्नास माणसांची साक्ष तरी? ट्रॅक्टरवर हा कामाला होता असं गावानं लिहून दिलं तर मी काहीतरी करू शकतो."

तो अंगणात उभा राहून चहा पिईपर्यंत आपा आणि मी घरोघर फिरलो. आपानं पहिली सही केली, मी दुसरी. बाकीच्यांची तोंडं बघण्यासारखी होती. सोबितच्या विरोधात म्हणजे होशीमबाबांच्या विरोधात. आणि वसंतात कामाला पुन्हा तिथंच जायचंय. तुर्दालीनं तर स्वतःच्या हातानं ट्रॅक्टर बंद केला होता. तो दारात उभा राहून म्हणाला, "आपा, माझा मुलगा कंपनीच्या गोदामात आहे." एवढंच. आणि खाली बघत राहिला.

निरीक्षक दोन सह्या घेऊन गेला. पुन्हा काही कळलं नाही.

मग चिल्ला आला, थंडीचे ते चाळीस दिवस. त्या वर्षी बर्फ फार पडला. एर्गाशच्या हाताचा वास यायला लागला होता. भिंतीच्या अलीकडं मला त्याचं कण्हणं ऐकू यायचं नाही, ओरडला नव्हता तसाच तो कण्हायचाही नाही. मला फक्त कुम्रीची पावलं ऐकू यायची. विहीर, चूल, खोली, विहीर. कुम्रीनं गाय विकून गाडी ठरवली. ताश्कंदचे डॉक्टर म्हणाले, उशीर झाला, विष अंगात गेलंय. तो तिथं सहा दिवस राहिला. सातव्या दिवशी त्यानंच घरी न्या म्हटलं.

घरी आल्यावर त्यानं एकदा मला हाक मारली. मी गेले. तो म्हणाला, "वहिनी, माझं एक कोडं आहे. हात गेला त्या दिवशी मी हशरला गेलो असेन तर मला पुलाव कुणी घातला नाही कसा?"

त्याला हसायचं होतं. खोकला आला. दुसऱ्या दिवशी पहाटेनंतर तो गेला.

आमच्यात माणूस गेला की सगळं गाव येतं, भांडण असलं तरी येतं. पुरुष दाराबाहेर कमरेला शेला बांधून उभे राहतात. बायका आत. दुपारी जनाजा तयार झाला. अंगणातून बाहेर नेऊन त्यांनी तो रस्त्यावर, भिंतीपलीकडं ठेवला. नमाज झाली. आत आम्ही भिंतीला लागून उभ्या होतो. कुम्रीला दोघींनी धरलं होतं. ती आपली छातीवर हात मारून घेत होती, तिला काही ऐकू येत नव्हतं. मला मात्र प्रत्येक शब्द ऐकू येत होता.

इमामानं नेहमीप्रमाणे विचारलं, "लोकहो, हा कसा माणूस होता?"

यावर सगळ्यांनी एका आवाजात 'भला माणूस होता' म्हणायचं असतं. लगेच म्हणतात. विचार करायची ती वेळ नसते.

पलीकडं कुणी बोललं नाही. बर्फ बुटाखाली करकरलेला ऐकू आला. इमामाला वाटलं ऐकू गेलं नसेल. त्यानं पुन्हा विचारलं, "हा कसा माणूस होता?"

"कामगार होता."

आवाज तुर्दालीचा होता. रडून घोगरा झालेला. "कंपनीच्या ट्रॅक्टरवर कामगार होता. हशरला आलेला नव्हता. मी स्वतः चावी फिरवली. कामावर गेला त्याचा हात."

"कामगार होता," दुसरा कुणी म्हणाला.

"कामगार होता. भला माणूस होता."

मग एकेक करून सगळे बोलायला लागले. म्हातारे, पोरं, नमाजाला शेजारच्या गावाहून आलेले ड्रायव्हर, सगळे. ते शब्द भिंतीवरून आत येत राहिले. माझ्या बाजूला हुर्रियत आपा दोन्ही हातांनी खिशातला शिक्का दाबून धरून उभी होती आणि तिचे सोन्याचे दात दिसत होते, पण ती हसत नव्हती.

सगळ्यांच्या शेवटी होशीमबाबा बोलले. हळू, पण स्पष्ट. "माझ्या मुलाकडं कामगार होता. मी शब्द दिला होता. अल्ला मला विचारेल."

सोबितचा आवाज मी फार कान देऊन ऐकला. आला नाही. त्यानं जनाज्याला खांदा मात्र दिला, हे मी दाराच्या फटीतून पाहिलं.

जनाजा निघाला. पावलं लांब गेली तशी कुम्रीची छाती बडवणं थांबलं. तिनं माझा हात धरला. तिची बोटं माझ्यासारखीच, नखांच्या कडांना काळी.

"काय म्हणत होते गं ते इतका वेळ?"

"कामगार होता म्हणाले," मी सांगितलं. "कंपनीचा कामगार होता, कामावर हात गेला. तुर्दालीनं सुरुवात केली."

"सगळे म्हणाले?"

"सगळे. होशीमबाबासुद्धा."

ती ऐकत होती. माझ्या तोंडाकडं बघत होती, तिसऱ्यांदा, आणि या वेळी मी नजर खाली घातली नाही, कारण मला वाटलं मी तिला काहीतरी चांगलं देतेय.

"सगळ्यांना ठाऊक होतं तर," कुम्री म्हणाली. "मग तो जिवंत असताना का नाही म्हणाले गं?"

माझी सही होती त्या कागदावर, दुसरी. पण तिनं ते विचारलं नव्हतं, आणि त्या ढगाच्या सकाळी बांधावर मी काय म्हणाले होते ते आम्हा दोघींनाही आठवत होतं. ओयदिननं आतून पाणी आणलं. कुम्रीनं ते घेतलं नाही. ती भिंतीला पाठ लावून खाली बसली आणि माझा हात तिनं सोडला.